मोबिलिटी स्कूटर : वापर आणि निगा

मोबिलिटी स्कूटर : चालण्याची ताकद ओसरलेल्या, पण नीट बसता येणाऱ्या आणि हात चालणाऱ्या व्यक्तीसाठी बनवलेले बॅटरीवरचे तीन किंवा चार चाकी साधन. खुर्चीसारखी सीट, पाय ठेवायला सपाट फळी आणि समोर उभ्या दांड्यावर हँडल अशी तिची ढोबळ रचना असते. आपल्याकडे दुचाकीच्या मागे दोन जादा चाके लावून ‘साइड व्हील’ची स्कूटर करून घेतात. ती रस्त्यावरच्या रहदारीतले वाहन असते. मोबिलिटी स्कूटर मात्र पायी चालणाऱ्याच्या वेगाने, पायी चालणाऱ्याच्या जागेत फिरण्यासाठी असते. तिच्या सुरक्षित वापराचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ब्रिजपोर्ट येथे प्लंबिंगचा व्यवसाय करणाऱ्या ॲलन थीम यांनी १९६८ मध्ये असे साधन तयार केले. त्यांच्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता. त्या प्रयत्नातून ‘अमिगो’ ही कंपनी उभी राहिली. पुढे ब्रिटनमध्ये या साधनाचा मोठा प्रसार झाला आणि तिथल्या कायद्याने त्याचे वर्गही ठरवले. पदपथावरच्या स्कूटरला ताशी ६.४ किमीची मर्यादा आहे. रस्त्यावर नेता येणाऱ्या मोठ्या स्कूटरला रस्त्यावर ताशी १२.८ किमीपर्यंत जाता येते, पण पदपथावर चढताच तिलाही ६.४ वर यावे लागते. चालकाला परवाना लागत नाही, मात्र १२.३ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता यावी, अशी शिफारस आहे. ही कसोटी आपल्याकडेही घरच्या घरी घेता येते आणि मोतीबिंदू वाढत चाललेल्या ज्येष्ठांनी ती जरूर घ्यावी.

कोणासाठी : संधिवात, झिजलेले गुडघे, पोलिओचे उशिरा जाणवणारे परिणाम, हृदय किंवा फुफ्फुसाच्या विकाराने येणारा थकवा अशा कारणांनी लांब चालू न शकणाऱ्यांना स्कूटर उपयोगी पडते. हाताने हँडल वळवता येणे, धड सावरून बसता येणे आणि चार पावले टाकून सीटवर चढता-उतरता येणे एवढे मात्र जमायला हवे. धडाचा तोल राहत नसेल तर जॉयस्टिकवर चालणारी विजेची व्हीलचेअर बरी. पक्षाघातानंतर एक हात दुबळा असेल तर चालवण्याची लिव्हर चांगल्या हाताकडे घेता येते का, हे खरेदीआधीच विचारावे. गुंगी आणणारे औषध नव्याने सुरू झाले असेल तर पहिले काही दिवस बाहेर नेऊ नये. व्यवसायोपचारतज्ज्ञाकडून एकदा बसण्याची तपासणी करून घेतली तर सीटची उंची, हातटेकू आणि गादी जागेवर येतात. तासन्‌तास बसणाऱ्याच्या बाबतीत जखमा टाळण्याच्या दृष्टीने गादी फार महत्त्वाची आहे.

रचना : १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून मिळणारे २४ व्होल्ट, मागच्या आसाला जोडलेली डीसी मोटर आणि या दोघांमध्ये कंट्रोलर, एवढ्यावर बहुतेक स्कूटरी चालतात. हँडलजवळची लिव्हर अंगठ्याने किंवा बोटांनी दाबली की स्कूटर निघते, सोडली की थांबते. बऱ्याच मॉडेलांत पायाचा ब्रेक नसतो. मोटरवरचा विद्युतचुंबकीय ब्रेक वीज मिळेपर्यंत आवळलेला असतो आणि वीज मिळाली की सुटतो. त्यामुळे बॅटरी संपली किंवा किल्ली बंद केली तरी स्कूटर जागच्या जागी धरली जाते. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि वृद्ध माणसाच्या जिवाचा तोच मुख्य आधार आहे.

तो आधार काढून घेणारी एक गोष्ट मात्र प्रत्येक स्कूटरवर असते, ती म्हणजे फ्री-व्हीलचा दांडा. बंद पडलेली स्कूटर ढकलून नेता यावी म्हणून तो ब्रेक सोडवतो. उतारावर तो ओढला तर स्कूटर सुटलीच म्हणून समजावे. सीटवर कोणी बसलेले असताना त्याला हात लावू नये, आणि ढकलून झाल्यावर तो पूर्वीच्या जागी परत आणल्याशिवाय किल्ली फिरवू नये. मदतनीस, वॉचमन, घरातली मुले या सगळ्यांना हा दांडा दाखवून ठेवणे ही खरेदीच्या दिवशीची पहिली शिकवणी असावी.

तीन चाकी स्कूटर कमी जागेत वळते, घरातल्या पॅसेजमध्ये आणि दुकानांत सोयीची पडते. चार चाकी खडबडीत जागी अधिक स्थिर असते. मागे जमिनीपासून थोडी वर असलेली छोटी चाके स्कूटर मागच्या बाजूला उलटू नये म्हणून असतात. ती जमिनीला टेकत नाहीत म्हणून कोणी काढून टाकू नयेत.

चालवताना : चढण्याआधी आणि उतरण्याआधी किल्ली बंद असावी. या सवयीला दुसरा पर्याय नाही. उतरताना आधारासाठी हँडल धरले जाते, बाही किंवा पदर लिव्हरमध्ये अडकतो आणि सुरू असलेली स्कूटर पुढे झेपावते. सीट वळवून उतरायचे असेल तर ती खटक्यात बसली आहे ना, हे हलवून पाहावे. साडीचा पदर, ओढणी आणि शाल चाकांपासून दूर, मांडीखाली किंवा कमरेला खोचलेली हवी.

घाबरलेला माणूस हातातली वस्तू आणखी घट्ट धरतो. स्कूटरवर त्याचा परिणाम उलटा होतो, कारण थांबायचे असेल तर लिव्हर सोडावी लागते. म्हणून नव्या चालकाने सोसायटीच्या मोकळ्या आवारात ‘सोड, थांबली’ याचा सराव हात आपोआप सुटेपर्यंत करावा. चालत्या स्कूटरची किल्ली बंद करणे हा थांबण्याचा मार्ग नव्हे. ब्रेक एकदम आवळतो आणि माणूस पुढे फेकला जाऊ शकतो. अगदी नाइलाज झाला, लिव्हर अडकली, तरच तो उपाय करावा.

वेगाच्या गोल बटणावर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा असतो. घरात, लिफ्टमध्ये, गर्दीत, वळणावर आणि उतारावर बटण कासवाकडेच हवे. लिफ्टमध्ये सरळ शिरून मागे घेत बाहेर यावे लागते, म्हणून मागे वळून पाहता येत नसेल तर आरसा बसवून घ्यावा. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टची रुंदी स्कूटर घेण्याआधी टेपने मोजलेली बरी.

उतार हा स्कूटर उलटण्याचा सर्वांत मोठा धोका आहे. युरोपीय मानकानुसार प्रामुख्याने घरात वापरायच्या स्कूटरसाठी ३ अंश, घरात-बाहेर दोन्हीकडे चालणाऱ्या स्कूटरसाठी ६ आणि बाहेरच्या मोठ्या स्कूटरसाठी १० अंश एवढ्या चढाची कसोटी आहे. भारतातील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेला १:१२ चा रॅम्प पाच अंशांहून किंचित कमी भरतो, म्हणजे तो बहुतेकांना झेपतो. प्रत्यक्षात सोसायटीच्या तळघरातल्या किंवा पोडियम पार्किंगचा उतार मोटारींसाठी केलेला असतो आणि तो याहून बराच तीव्र असतो. त्यावरून स्कूटर नेऊ नये. उतारावर सरळ चढावे, सरळ उतरावे. आडवे जाऊ नये आणि मध्येच वळू नये. चढताना अंग थोडे पुढे झुकवावे. हँडलला बाजाराच्या जड पिशव्या अडकवल्या की वळण बिघडते आणि सीटच्या पाठीला अडकवल्या की चढावर पुढचे चाक उचलते. सामान पुढच्या टोपलीत, तेही थोडेच ठेवावे. पदपथाच्या काठावर चढायचे असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या उंचीपुरतेच आणि अगदी काटकोनात चढावे. तिरके गेल्यास एक चाक आधी चढते आणि स्कूटर कलंडते.

आपल्या शहरांत अडचण बहुधा यंत्राची नसते. उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच संपणारा पदपथ, फूटभर उंच काठ, चाकाच्या दिशेने पट्ट्या असलेली गटाराची जाळी यांच्यापुढे चांगली स्कूटरही हतबल होते. दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी रोवलेले खांब व्हीलचेअर आणि स्कूटरलाही बाहेर ठेवतात. मुंबईतल्या अशा खांबांच्या प्रश्नाची उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सुगम्य सार्वजनिक जागेचा हक्क देतो. तो हक्क कागदावरून पदपथावर येईपर्यंत चालकाने नेहमीचा मार्ग कोणाला तरी बरोबर घेऊन आधी पायी किंवा रिक्षातून पाहून ठेवावा. रस्त्यावर उतरावेच लागले तर पाठीमागे उंच काठीवर भडक झेंडी, अंगावर उठावदार रंग आणि संध्याकाळी दिवे हवेत. बसलेला माणूस ट्रकचालकाच्या नजरेच्या खाली असतो.

पावसाळ्यात शेवाळलेली फरशी आणि साचलेले पाणी हे दोन स्वतंत्र धोके आहेत. बहुतेक स्कूटरी शिंतोडे सोसतात; पाण्यात बुडणे सोसत नाहीत. तळ दिसत नसेल अशा पाण्यात स्कूटर घालूच नये, कारण खाली उघडे चेंबर असू शकते. भिजलेली स्कूटर कोरड्या फडक्याने पुसावी आणि चार्जिंगचे तोंड पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नये. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे कटाक्षाने टाळावे.

बॅटरी : स्कूटर अकाली बंद पडते ती बहुतेक वेळा बॅटरीच्या आबाळीमुळे. लेड-ॲसिड जातीची, जेल किंवा एजीएम बॅटरी पूर्णपणे बंदिस्त असते. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीप्रमाणे तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे नसते. ती अर्धवट रिकामी पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. ‘पूर्ण उतरल्यावरच चार्ज करायची’ हा समज या बॅटरीचा काळ आहे. वापर झाला की त्याच रात्री, थोडेच फिरलेले असले तरी, चार्जर लावावा आणि त्यावरचा दिवा हिरवा होईपर्यंत काढू नये. त्याला आठ ते बारा तास लागू शकतात. वापर नसेल तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज हवा. परगावी जाणाऱ्यांनी हे काम शेजाऱ्यांवर सोपवून जावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी सावलीतल्या बॅटरीच्या मानाने फार लवकर मरते.

पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेल्या जोडीवर मल्टिमीटर २५.५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. स्कूटरवरच्या बॅटरी-काट्याचे वाचन मात्र सपाट रस्त्यावर चालत असताना घ्यावे. चढावर काटा लाल पट्ट्यात जाऊन सपाटीवर पुन्हा वर येत असेल तर बॅटऱ्या थकल्या आहेत. बदलताना दोन्ही एकदम आणि एकाच बनावटीच्या घ्याव्यात. गॅरेजवाला मोटारीची बॅटरी सुचवतो, ती घेऊ नये. मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा झटका देण्यासाठी असते आणि रोजच्या खोल उतरण्याने काही महिन्यांत निकामी होते. उत्पादक सांगतो ते अंतर नव्या बॅटरीचे आणि सपाट रस्त्याचे असते. जाण्यायेण्याचा हिशेब त्याच्या निम्म्यावर धरला तर वाटेत अडकण्याची वेळ सहसा येत नाही.

लिथियम-आयन बॅटरी हलकी असते, घडीच्या स्कूटरींत बहुधा तीच असते. ती बराच काळ ठेवायची तर अर्धी भरलेली ठेवावी. आपटलेली, फुगलेली किंवा भिजलेली लिथियम बॅटरी कधीही चार्ज करू नये. तिची आग झपाट्याने पसरते, म्हणून सगळे जागे असताना आणि घराबाहेर पडण्याची वाट अडणार नाही अशा जागी चार्ज करावी. जिन्याखाली किंवा मजल्यावरच्या सामाईक पॅसेजमध्ये स्कूटर ठेवणे सोयीचे वाटते, पण आगीत तीच सगळ्या मजल्याची सुटकेची वाट असते. चार्जर स्कूटरसोबत आलेलाच, अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटवर लावावा. त्यावर कापड टाकू नये. अमेरिकेतल्या मुलांनी आईवडिलांसाठी पाठवलेल्या स्कूटरचा चार्जर फक्त ११० व्होल्टचा असू शकतो. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले नसेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो लावू नये.

इतर निगा : हवेच्या टायरचा दाब त्याच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतका ठेवावा; एका बाजूची हवा कमी झाली की स्कूटर ओढते आणि बॅटरीही जास्त खाते. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर जोडणी सोडवून कोरडी पुसावी, घट्ट आवळावी आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे वारंवार करावे लागते. सीट आणि दांड्याचे बोल्ट सैल होतात, तेही पाहावेत. मोटरच्या कार्बन ब्रशची झीज आणि विद्युत ब्रेक तपासणे हे वर्षातून एकदा जाणकाराचे काम. स्कूटरवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर त्या संख्येत दोषाचा संकेत असतो. पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला असतो. स्कूटर अचानक बंद पडली तर आधी फ्री-व्हीलचा दांडा, मग सर्किट ब्रेकरचे बाहेर आलेले बटण पाहावे.

कायदा व प्रवास : भारतीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटहून कमी शक्तीची मोटर आणि ताशी २५ किमीहून कमी वेग असलेले, तसे चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले बॅटरीचे वाहन मोटार वाहन मानले जात नाही. मोठ्या स्कूटरींची मोटर याहून शक्तिमान असू शकते, तेव्हा विक्रेत्याकडून प्रमाणपत्र मागून घ्यावे. कार किंवा टेम्पोतून नेताना स्कूटर पट्ट्यांनी बांधावी आणि माणसाने गाडीच्या सीटवर बसावे. बहुतेक स्कूटरी गाडीतले आसन म्हणून धक्क्याच्या चाचणीतून गेलेल्या नसतात. विमानप्रवासात बॅटरीचा प्रकार आणि वॅट-तास किमान ४८ तास आधी कळवावेत. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला सामान्यतः ३०० वॅट-तासांची मर्यादा असते आणि ती हातसामानात न्यावी लागते. संपलेली बॅटरी भंगारवाल्याकडे न देता बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये विक्रेत्याला किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला परत करावी.