चाप नसलेलं पिस्तूल

कमरेचं पिस्तूल उपसून एकदा नीट न्याहाळा. लांब नळी, मुठीकडे बाक, मध्ये पाच घरांचं फिरतं नळकांडं. बोट सवयीने चाप शोधतं आणि रिकामं परत येतं. चाप नाही, चापाभोवतीची कडीही नाही. आता अंगठ्याने मागचा खटका ओढा. नळकांडं एक घर पुढे सरकतं आणि पोटात दडलेला चाप टचकन खाली उतरतो. आता बोटाला जागा मिळाली.

जून १८४४. तुम्ही सॅन अँटोनियोच्या वायव्येला, ग्वादालूपे नदीच्या डोंगराळ मुलखात आहात. टेक्सास अजून अमेरिकेत सामील झालेलं नाही. ते कर्जात बुडालेलं स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. तुम्ही त्याचे रेंजर, म्हणजे सरहद्द राखणारे घोडेस्वार. गणवेश नाही, पगाराचा भरवसा नाही. तुमचा कॅप्टन जॅक हेज सत्तावीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, बोलायला कमी.

हे पिस्तूल तुमच्यासाठी बनलेलंच नव्हतं. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली पेटंट घेतलं आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी कारखाना काढला. अमेरिकन लष्कराला ही नाजूक यंत्रणा पसंत पडली नाही. टेक्सासच्या आरमाराने मात्र १८३९ मध्ये अशी १८० पिस्तुलं मागवली. पुढे आरमार पोसणं जड झालं आणि जहाजांसाठी घेतलेली हत्यारं समुद्रापासून दूर, घोडेस्वारांच्या हाती आली. कोल्टचा कारखाना तर १८४२ मध्येच बुडाला. हातातलं मोडलं तर नवं मिळणार नाही, हे ध्यानात ठेवून ते जपा.

समोरच्या टेकडीवर कोमांची या मूळनिवासी जमातीचे स्वार दिसू लागतात. साठ-सत्तर तरी असतील. तुम्ही जेमतेम पंधरा. ते स्पॅनिशमध्ये ओरडून तुम्हाला चढून यायला बोलावताहेत, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही. आजवर गोऱ्यांशी बहुतेक झुंजी याच हिशेबावर चालल्या. ठासणीची बंदूक एकदा उडते. मग दारू ओता, गोळी ठासा, टोपी बसवा. एवढ्या वेळात कोमांची स्वार भरधाव घोड्याच्या मानेआड झुकून बाणांमागून बाण सोडतो. बायसनच्या जाड चामड्याची त्याची ढाल तिरपी आलेली गोळीसुद्धा उडवून लावते. म्हणून तुमच्यासारखे लोक लढायचं झालं की घोड्यावरून उतरून झाडाआड जात.

हेज उतरत नाही. टेकडीला वळसा घालून तो तुम्हाला मागच्या अंगाने वर नेतो. आधी लांब बंदुका उडतात. कोमांचींना वाटतं, आता यांचे हात रिकामे झाले. ते भाले सरसावून अंगावर येतात, आणि तुम्ही पिस्तूल काढता. हुकूम एकच: अगदी भिडल्याशिवाय गोळी झाडायची नाही. ओढा, चाप उतरतो, झाडा. पुन्हा ओढा. धुराने डोळे चुरचुरतात. समोरचा स्वार दुसऱ्या गोळीला दचकतो. तिसरी येते तेव्हा तो घोडा वळवतो. शेजारी सॅम्युएल वॉकर भाल्याने जबर जखमी होऊन पडतो.

पाच संपल्या. आता या पिस्तुलाची खोड अनुभवा. नळीची पाचर काढा, नळी उतरवा, रिकामं नळकांडं बाजूला, भरलेलं आत, नळी परत, पाचर परत. हे सगळं बिथरलेल्या घोड्यावर, घामेजल्या बोटांनी. पाचर गवतात पडली तर हातात फक्त लोखंड उरतं.

तीनेक मैल पाठलाग चालतो. गोळ्या जवळजवळ संपल्यात आणि कोमांचींचा सरदार आपल्या माणसांना पुन्हा गोळा करतोय. गोळी कोणाकडे उरली आहे, हेज विचारतो. तुमच्यातला गिलेस्पी घोड्यावरून उतरून शांतपणे नेम धरतो. सरदार कोसळतो आणि झुंज संपते.

पण इथे थांबून पडलेल्यांकडे पाहाच. ही टेकडी, ही नदी त्यांच्या वहिवाटीतली. चार वर्षांपूर्वी, मार्च १८४० मध्ये, त्यांचे प्रमुख तहाच्या बोलणीसाठी सॅन अँटोनियोत आले होते. ओलीस धरलेल्या गोऱ्यांवरून बोलणी फिसकटली, आणि तीसहून अधिक कोमांची तिथेच मारले गेले. त्यांत बायका-मुलंही होती. कोमांचींनीही वसाहतींवर धाडी घातल्या, माणसं पळवली, मारली. रेंजर शूर होते, हे मी नाकारत नाही. पण या टेकडीवर दोन्हीकडे शौर्य सारखंच होतं. पारडं झुकवलं ते त्या उतरणाऱ्या चापाने. अनेक अमेरिकन शौर्यकथा दोन्हीकडचं शौर्य सांगायचं टाळतात, आणि मला ते खटकतं.

वॉकर वाचतो. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पेटल्यावर तो याच झुंजीचा दाखला देत कोल्टला पत्र लिहितो, आणि दोघे मिळून नवं पिस्तूल घडवतात: सहा घरं, चापाला कडी, गोळी ठासायला नळीखालीच दांडा, वजन दोन किलोच्या आसपास. पाचर हरवण्याची भीती बाळगत नळी उतरवण्याची गरजच उरत नाही. सरकार हजार पिस्तुलं मागवतं आणि बुडालेला कोल्ट पुन्हा उभा राहतो. या नव्या पिस्तुलाच्या नळकांड्यावर रेंजर आणि कोमांचींची झुंज कोरलेली असते. वॉकर ऑक्टोबर १८४७ मध्ये मेक्सिकोतल्या वामांत्ला इथे मारला जातो. कोमांचींचे शेवटचे स्वतंत्र जथे मात्र त्यानंतरही अठ्ठावीस वर्षं, १८७५ पर्यंत, शरण येत नाहीत.