लाँच : एक शब्द की दोन?

रेवसच्या धक्क्यावर "लाँच लागली का?" असे विचारणाऱ्या उतारूस आपण एका कूटप्रश्नाला हात घालीत आहो, ह्याची कल्पना नसते. आम्हांसही पुष्कळ वर्षे नव्हती. 'लाँच' हे इंग्रजी क्रियापद शिकविताना आम्ही बेधडक सांगत असू की, नाव पाण्यात लोटणे हा त्याचा अर्थ, आणि लोटली जाते म्हणून त्या नावेसही लाँच म्हणावयाचे. एके वर्षी त्याच किनाऱ्यावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "पण सर, आम्ही लोटतो ती होडी. लाँच तर धक्क्यालाच उभी असते!" वर्ग हसला, आम्हीही हसलो, पण घरी येऊन कोश उघडला.

क्रियापदाचे मूळ भाल्यात आहे. लॅटिनमध्ये 'लांकेआ' म्हणजे भाला. त्यावरून जुन्या फ्रेंचात फेकण्याचे क्रियापद झाले, आणि नॉर्मनांच्या बोलीतून ते इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत आले, ते भोसकणे व भिरकावणे ह्या अर्थांनी. जहाज पाण्यात सोडणे हा अर्थ मागाहूनचा, आणि एखादा उद्योग आरंभिणे हा त्याहूनही अलीकडचा. शस्त्रवैद्याचे 'लान्सेट' हे त्याच घराण्यातले धाकटे पाते. अग्निबाण सोडण्यासही आता हेच क्रियापद लावतात, म्हणजे शब्द फिरून मूळपदावर आला. नव्या साबणाचेही वर्तमानपत्रांत 'लाँचिंग' होते, ते मात्र आमच्या कानांस टोचते. भाल्याचाच गुण म्हणावयाचा!

नावेचा लाँच निराळा. तो १७ व्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश 'लांचा'वरून इंग्रजीत आला. पोर्तुगीजांतही हाच शब्द आहे, आणि त्यामागे मलायी भाषेतील 'लांचारान' ही चपळ नाव असावी, असा कोशकारांचा तर्क आहे. 'लांचार' म्हणजे वेगवान. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतले, तेव्हा हा तर्क आम्हांस पटतो. तेच पोर्तुगीज रेवसच्या दक्षिणेस चौल-रेवदंड्यास १७४० पर्यंत ठाण मांडून होते. आपण विलायती समजतो तो शब्द असा आशियातून निघून, युरोपास वळसा घालून, पुन्हा आशियाच्याच किनाऱ्यास लागला.

आमच्या लोकांनी त्यात आपला एक भेद घातला. मोठी आगबोट ती 'बोट', लहान ती 'लाँच'. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला येताना काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे घेऊन गेली, ती 'रामदास' अजूनही 'रामदास बोट'च आहे.

क्रियापदापुरती मराठीस उसनवारीची गरज नव्हती. होडी आपण लोटतो, गलबत हाकारतो. ह्या हाकारण्याचे नाते हाकेशी जोडण्याकडे आमचा कल आहे. इंग्रजाने जहाज भाल्यासारखे फेकले. आपल्या नाखव्याने त्यास हाक घातली.

पुढच्या तासास आम्ही वर्गासमोर चूक कबूल केली. तो विद्यार्थी पुन्हा उठला. "मग सर, मचवा हा शब्द कुठला?"