साक्षरता वाढली, मग देश शांत का नाही झाला?

संशोधन प्रस्ताव लिहिताना एक वाक्य हमखास सुचतं: ‘शिक्षण वाढलं की राजकीय स्थैर्य येतं.’ ते लिहिण्याआधी श्रीलंका आणि कोस्टा रिका हे दोन देश शेजारी ठेवून बघा.

श्रीलंकेत १९४५ पासून शिक्षण मोफत झालं. खेड्यापाड्यातली मुलं शिकली, पण त्या प्रमाणात नोकऱ्या वाढल्या नाहीत. एप्रिल १९७१ मध्ये जनता विमुक्ती पेरामुना या संघटनेनं सशस्त्र उठाव केला. त्यात शिकलेले, बेरोजगार सिंहली तरुण मोठ्या संख्येनं होते. तमिळांचा प्रश्न वेगळा होता. १९५६ च्या कायद्यानं सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि तमिळ भाषकांची सरकारी नोकरीची वाट अवघड झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी त्यांना जास्त गुण लागू लागले.

आता कोस्टा रिका. तिथे प्राथमिक शिक्षण १८६९ मध्येच मोफत आणि सक्तीचं झालं होतं. तरीही १९४८ मध्ये निवडणुकीच्या निकालावरून यादवी पेटलीच. ४४ दिवसांत सुमारे २,००० माणसं मेली. म्हणजे नुसत्या शिक्षणानं दोन्हीकडे संघर्ष टळला नाही.

फरक पडला तो नंतर. कोस्टा रिकात जिंकलेल्या होसे फिगेरेस यांनी सैन्यच बरखास्त केलं. १९४९ च्या राज्यघटनेनं ते पक्कं केलं आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमलं. त्याच वर्षी फिगेरेस यांनी वादग्रस्त निवडणुकीतले विजेते ओतिलिओ उलाते यांच्याकडे सत्ता सोपवली. सगळं आदर्श नव्हतं, कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. पण त्यानंतर तिथे बंडानं सरकार पडलेलं नाही.

श्रीलंकेतही उठावानंतर वर्षभरात, १९७२ मध्ये, नवी राज्यघटना आली. तिनं मात्र सिंहलीचं स्थान आणखी बळकट केलं, तमिळांची तक्रार तशीच राहिली. १९८३ मध्ये यादवी सुरू झाली, ती २००९ पर्यंत चालली.

दोन देशांवरून नियम सिद्ध होत नाही, हे खरं. पण प्रश्न नेमका होतो. शिक्षण अपेक्षा वाढवतं. त्या अपेक्षांना दार उघडं आहे की बंद, हे संस्था ठरवतात. म्हणून तुमच्या तक्त्यात साक्षरतेच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखा: शिक्षण कोणत्या भाषेत, ते घेऊन पुढे वाट कुठे, आणि मागच्या उलथापालथीनंतर नियम कुणाच्या बाजूनं बदलले?