दुसरी फळी घडवताना : एक प्रस्तावना

संस्था चालवणारी व्यक्ती दिवसभर प्रश्न विचारत असते. बैठक का झाली नाही, परतफेड कोणाची थकली, अहवाल कधी येणार? हे सगळे प्रश्न दुसऱ्यांसाठी असतात. ज्या अभ्यासक्षेत्रात आपले स्वागत करायचे आहे, ते नेतृत्व करणाऱ्याने स्वतःला विचारायच्या प्रश्नांचे आहे. माझ्यासोबतची माणसे माझ्यामुळे वाढत आहेत की खुंटत आहेत, हा त्यातला मूळ प्रश्न.

यवतमाळ जिल्ह्याला हा विषय परका नाही. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली. सत्याग्रह मात्र चालूच राहिला. तुकड्या एकामागून एक पुढे येत गेल्या. पुढारी तुरुंगात जाणार हे त्या चळवळीत गृहीतच होते, म्हणून त्याच्यामागे कोण उभे राहील याचा विचार आधीच करावा लागे. तीस वर्षांनी पुसद तालुक्यातल्याच गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्याच्या पातळीवर अधिकार सोपवण्याची शिफारस केली. १९६१च्या कायद्यानंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. पुढे आमदार-मंत्री झालेले कितीतरी जण तिथेच तयार झाले. अधिकार हाती आल्याशिवाय जबाबदारी पेलण्याचा सराव होत नाही, हा त्यातला धडा.

अभ्यासकांनी याच अनुभवाला निरनिराळ्या बाजूंनी तपासले. मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२०च्या दशकात इतरांवर गाजवायची सत्ता आणि इतरांसोबत उभी करायची सत्ता असा भेद केला. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७०च्या निबंधात नेत्याची कसोटी त्याच्या पदात न शोधता, तो ज्यांची सेवा करतो त्यांच्या वाढीत शोधली. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास करताना चांगल्या पथकांमध्ये चुकांची नोंद अधिक आढळली. तिथे चूक बोलून दाखवायची भीती कमी असावी, असा त्यांनी अर्थ लावला. चुकांचा रकाना कोरा दिसला की समाधान मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने यावर थांबून विचार करावा.

प्रश्न कसा घडवावा, यावर सारे अवलंबून आहे. ‘माझा सहकाऱ्यांवर विश्वास आहे का?’ याला कोणीही ‘हो’ म्हणेल. त्याऐवजी असे विचारावे : ‘गेल्या महिन्यात मला न विचारता झालेला कोणता निर्णय मी तसाच राहू दिला?’ पहिला प्रश्न मत मागतो, दुसरा घटना मागतो. घटना सांगता आली नाही, तर तेच उत्तर.

बचत गटाचे उदाहरण घेऊ. दहा ते वीस जणींचा गट, त्यांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री सर्वांना पाठ असते. पण कापूस वेचणीच्या दिवसांत अध्यक्षताई आल्या नाहीत, तर बैठक होते का? हिशोबाची वही सचिवाखेरीज आणखी कोणाला लिहिता येते? बँकेत दर वेळी तीच बाई का जाते? हप्ता चुकलेली सदस्य कारण सांगायला येते, की यायचेच टाळते? शेवटची नवी जबाबदारी कोणाला दिली, आणि ती चुकली तेव्हा मी काम शिकवले की काढून घेतले? शिक्षक, पर्यवेक्षिका, तालुका अधिकारी यांना हेच प्रश्न थोड्या फरकाने लागू पडतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मानधन वेळेवर मिळत नसेल, पदे रिकामी असतील, तर आत्मपरीक्षणाने ती उणीव भरून निघत नाही. उलट व्यवस्थेचा दोष माणसाच्या माथी मारला जाण्याचा धोका असतो. आणि हेच प्रश्न वरून छापील नमुन्यात आले, तर उत्तरेही छापील येतील.

म्हणून सुरुवात लहान करावी. महिन्याला एकच प्रश्न घ्यावा, उत्तर नाव आणि तारखेसह लिहावे आणि ज्या सहकाऱ्याबद्दल ते आहे त्यालाच वाचायला द्यावे. तो ‘असे झाले नव्हते’ म्हणाला, तर वाद न घालता त्याचे म्हणणेही खाली लिहावे. दोन्ही नोंदींतला फरक हाच पुढच्या महिन्याचा प्रश्न.