हाक मारण्याचे शास्त्र

'आई आली' आणि 'सासूबाई आल्या' ही दोन्ही वाक्ये मराठी घरात सर्रास ऐकू येतात. दोघीही वडीलधाऱ्या, मान दोघींनाही. तरी एकीचे क्रियापद एकवचनी, दुसरीचे अनेकवचनी. वडिलांना 'अहो बाबा' म्हणणारे मूल आईला 'अगं' म्हणते आणि विठोबालाही 'तू'च म्हणते. हे असे का, असा प्रश्न ज्याला पडला, त्याचे या अभ्यासशाखेत स्वागत आहे. वेगळी पूर्वतयारी लागत नाही.

या अभ्यासाला आजचे वळण दिले ते रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांच्या १९६० सालच्या निबंधाने. युरोपीय भाषांतल्या एकेरी आणि आदरार्थी सर्वनामांमागे त्यांना दोन सूत्रे दिसली : सत्ता आणि जवळीक. मालक नोकराला एकेरीत बोलावतो आणि नोकर त्याला अहोजाहो करतो, ती सत्ता. दोघे परस्परांना एकेरीच म्हणतात, ती जवळीक. म्हणजे आदर नुसत्या शब्दात शोधून सापडत नाही, देवघेवीत पाहावा लागतो. आपल्याकडे सावकाराचे पोर आजोबांच्या वयाच्या बलुतेदाराला अरेतुरे करी आणि उलट अहोजाहो ऐकून घेई. तिथे 'तू' शब्दाचा काही दोष नव्हता. तो परत करण्याची मुभा एकाच बाजूला नव्हती. जातीची उतरंड समजून घ्यायला एवढे एक सर्वनाम पुष्कळ झाले.

स्वीडनची गोष्ट मला याहून मजेदार वाटते. तिथे 'नी' हे अनेकवचनी सर्वनाम हाताशी होते, पण एकट्या माणसाला ते वापरणे त्याला कमी लेखणारे ठरू लागले. मग समोर बसलेल्या डॉक्टरांनाच 'डॉक्टरांना कॉफी हवी का?' असे विचारायची वेळ आली. हुद्दा ठाऊक नसला की बोलणाराची पंचाईत! १९६७ साली तिथल्या आरोग्य प्रशासनाचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी, आपण सर्व कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणजे तू म्हणणार, असे जाहीर केले. वारे आधीच वाहू लागले होते. पण नाव त्यांचे झाले. आज स्वीडिश विद्यार्थी प्राध्यापकाला 'दू' म्हणतो आणि त्यात कोणाला उद्धटपणा दिसत नाही.

सर्वनामांपाशीच थांबले तर मात्र आशियातल्या भाषा हातून निसटतात. जावानीजमध्ये जेवण्यासाठी साधा शब्द एक, नम्र दुसरा, आणि थोरांच्या जेवणासाठी तिसराच; तो तिसरा स्वतःसाठी वापरायचा नसतो. व्हिएतनामी माणूस 'मी' आणि 'तू' यांची कामे बहुतेक वेळा नात्यांच्या शब्दांवरच भागवतो. समोरच्याचे वय कळल्याखेरीज त्याला स्वतःचा उल्लेखही नीट करता येत नाही. युरोपातल्या दोन सर्वनामांवर बेतलेली चौकट इथे तोकडी पडते, असे माझे मत आहे. आपल्या 'अहो आई' आणि 'अगं आई' यांचा उलगडाही तिच्यात अर्धाच होतो.

पुढे वाचण्याआधी वाचकाने आपल्या घरात कोण कोणाला 'तू' म्हणते आणि कोण 'तुम्ही', याची यादी करावी. घरकामाला येणाऱ्या मावशींना मुले काय म्हणतात आणि मावशी मुलांना काय म्हणतात, तेही तिच्यात लिहावे.