शेतातील प्लॅस्टिक जाळल्याने होणारी विषबाधा

हंगाम संपला की मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या, पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या बांधावर एकत्रच पेटवल्या जातात. यात पीव्हीसी विशेष घातक. त्याचे सुमारे निम्मे वजन क्लोरीनचे असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो व डोळ्यांतील, घशातील ओलाव्यात मिसळून त्याचे आम्ल बनते. म्हणून डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. ठसका थांबला म्हणजे धोका टळला असे नाही. फुफ्फुसांत पाणी साचल्याची लक्षणे काही तासांनीही दिसतात. रात्री दम लागल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

धुमसणाऱ्या ढिगातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवल्यास बाधिताला मोकळ्या हवेत आणून कपडे सैल करावेत व १०८ ला फोन करावा.

बाटल्या तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, मग बाटल्यांना भोके पाडावीत. नळ्या व पाइप भंगारात द्यावेत. मातीने माखलेला मल्चिंग पेपर भंगारवाला सहसा घेत नाही, ही खरी अडचण आहे. तो वाळवून, झटकून, गुंडाळून ठेवावा.