सात कोस

आमच्या आजोळी दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. एक अण्णांची, एक आजीची. दोन्ही वेळा धाकटा मामा हजर असायचा, कारण उठून जाणं त्याला सोपं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या वाड्याच्या ओसरीवर तो खांबाला टेकून बसायचा. बसताना उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून डाव्या मांडीवर ठेवायचा, कुणीतरी सांभाळायला दिलेलं गाठोडं ठेवावं तसा. १९५८ साली, दोन वर्षांचा असताना, त्याला तीन रात्री ताप होता. चौथ्या दिवशी पायातलं वारं गेलं, असं आजी म्हणायची. पोलिओ हा शब्द घरात फार उशिरा आला.

अण्णा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. त्यांची गोष्ट दौलताबादची. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, हे शाळेच्या पुस्तकात होतंच. अण्णांची गोष्ट तिथून पुढे सुरू व्हायची. सुलतानाने हुकूम सोडला की दिल्लीत एकही माणूस राहता कामा नये. शिपायांनी गल्ल्या धुंडाळल्या तेव्हा दोघेच सापडले, एक पांगळा आणि एक आंधळा. पांगळ्याला दगडफेकीच्या यंत्रात घालून भिरकावलं. आंधळ्याला दिल्लीपासून दौलताबादपर्यंत, चाळीस दिवसांच्या वाटेवर, फरपटत आणलं. पोचला तो त्याचा एक पाय, बाकी काही नाही.

इथे अण्णा थांबून सुपारी कातरायचे. आम्ही पोरं गारठलेलो असायचो. खांबाकडून मामाचा आवाज यायचा, "कोणता पाय, अण्णा? डावा का उजवा? उजवा असला तर माझ्या कामाचा आहे."

अण्णांनी याचं उत्तर कधीच दिलं नाही. आजी तेवढी रागवायची.

ही गोष्ट अण्णांच्या पदरची नव्हती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ती इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात आहे. तो दिल्लीत पोचला १३३४ मध्ये, म्हणजे त्याने लिहिलं ते कानावर आलेलं, आणि इतिहासकार त्यात तिखटमीठ बरंच आहे असं मानतात. असेलही. पण दौलताबादचं नाव निघालं की मला चांदमिनार आठवत नाही, भारतमाता मंदिरही आठवत नाही, तो पाय आठवतो. तो किल्ला परक्याने आत शिरूच नये म्हणून कोरलेला आहे. कडे तासलेले, भोवती खंदक, वर जाताना ती अंधारी, जिच्यात डोळस माणूसही चाचपडतो. बांधणाऱ्यांचा हेतू निदान स्पष्ट होता. आपल्याकडच्या बऱ्याच कचेऱ्या तसला कुठलाही हेतू नसताना तेच साधतात.

आजी पैठणची. तिची गोष्ट कूर्मदासाची. ती सांगायला बसली की घाई नसायची. मेथी निवडता निवडता, काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

पैठणात कूर्मदास नावाचा थोटा होता. हात नाहीत, पाय नाहीत. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळातला. एकदा त्याने कीर्तनात पंढरीचं वर्णन ऐकलं, कार्तिकीचं. मनाने घेतलं की जायचं. कसं जायचं? तर गडगडत. जमिनीवर अंग टाकायचं आणि लोळत पुढे सरकायचं. दिवसाला कोसभर. चार महिने असा गेला. अंगाची सालटं निघाली, वाटेतल्या लोकांनी तोंडात घास घातला, पाणी पाजलं. लऊळला पोचला आणि तिथे बळ संपलं. दुसऱ्या दिवशी एकादशी. पंढरपूर अजून सात कोस. मग त्याने पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांबरोबर विठ्ठलाला निरोप धाडला, की माझ्याच्याने आता होत नाही, तूच ये. आणि विठ्ठल आला. ज्ञानदेव, नामदेव आणि अरणच्या सावता माळ्याला सोबत घेऊन आला. (वाटेत विठोबाला लपायला सावत्याने स्वतःचं पोट चिरलं, तो भाग आजी भरभर उरकायची. तिला त्यात रस नव्हता.)

महिपतीबुवांनी १७६२ मध्ये पुरा केलेल्या भक्तविजयात ही कथा आहे. कीर्तनात ती मी अनेकदा ऐकली. प्रत्येक बुवा कूर्मदासाच्या निष्ठेवर अर्धा तास रंगतात. बघा, हातपाय नसून चार महिने चालला, आणि तुम्हाला धडधाकट असून मंदिरापर्यंत यायचा कंटाळा! श्रोते खजील होतात, आरतीच्या ताटात दहाऐवजी वीस रुपये पडतात. आजी मात्र त्या चार महिन्यांचं कौतुक करायची नाही. तिचा सगळा जोर शेवटावर. "त्यानं जेवढं व्हायचं तेवढं केलं. मग देवाला पाय होते ना? मग देवानं यायचं नाही तर कुणी यायचं?" असं विचारून ती मामाकडे बघायची नाही. मुद्दाम बघायची नाही.

पैठणचेच एकनाथ. त्यांच्या भारुडांत आंधळा येतो, पांगळा येतो, बहिरा येतो, मुका येतो. सोंग वठवणारा डोळे मिटून काठी आपटत येतो आणि लोक हसतात. सांगायचं असतं मनाच्या आंधळेपणाबद्दल, हे खरं, आणि नाथांच्या करुणेबद्दल शंका घेण्याची माझी पात्रता नाही. पण भारुड संपल्यावर सोंगवाला डोळे उघडतो. घाटावर बसलेल्या खऱ्या आंधळ्याचं काय करायचं, हे त्या सोंगातून कुणाला कळत नाही.

मामा शाळेत गेला तो अण्णांच्या खांद्यावरून, मग दोस्तांच्या सायकलीच्या दांडीवरून, मग कॅलिपर आणि कुबड्यांवर. कॉलेजातून सुटला तो तास वरच्या मजल्यावर भरायचे म्हणून. आमचं शहर बावन्न दरवाज्यांचं म्हणून ओळखलं जातं. भडकल गेट मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांना हरवल्याच्या आठवणीत बांधलेलं, तिकडे मकाई, दिल्ली, रोशन, आणि आमच्या वाड्याजवळचं पैठण गेट. मामा म्हणायचा, "दरवाजे बावन्न हे सगळ्यांना पाठ आहे. पायऱ्या किती, ते कुणी मोजलं नाही."

पायऱ्या तो स्वतः मोजायला लागला, अक्षरशः. शिंप्याची कापडी टेप कायम शर्टाच्या खिशात. कुठे गेलं की आधी टेप निघायची. साडेसहा इंच, आठ इंच, एके ठिकाणी पावणेअकरा. अपंगत्वाचा दाखला काढायला एका सरकारी दवाखान्यात गेला तर दाखल्याची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टला कुलूप. कठड्याला धरून, बसत बसत, पाऊण तासात वर पोचला. टेबलामागून प्रश्न आला, "वर चढून आलात ना? मग टक्के कसे द्यायचे?" घरी येऊन त्याने ही हकीकत इतकी रंगवून सांगितली की आम्ही हसून लोळलो. आजी उठून आत गेली.

त्याचे खरे चांगले दिवस आले ते टेलिफोनच्या बूथमुळे. एसटीडी-पीसीओचे बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं. पैठण गेटजवळ चार फूट बाय चार फुटांचं लाकडी खोपटं, वर पिवळी पाटी, आत काचेची केबिन आणि तांबड्या आकड्यांचं मीटर. जमिनीलगत, एकही पायरी नाही. तीनचाकी सायकल तो थेट काउंटरपर्यंत आणायचा. रात्री दर उतरला की रांग लागायची. आखाताला गेलेल्या नवऱ्याशी बोलणाऱ्या बाया, पुण्याला शिकणाऱ्या पोरांचे बाप, बदलीची बातमी विचारणारे मास्तर. आकडे पळायला लागले की बोलणाऱ्याचा आवाज चढायचा. पैसे कमी पडलेल्यांचं मामा वहीत लिहून ठेवायचा. शहरातल्या निम्म्या घरांची सुखदुःखं त्याला ठाऊक होती आणि त्याने त्यातलं एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही. त्या दहा-बारा वर्षांत कुणी त्याला लंगडा म्हटल्याचं मला आठवत नाही. "बूथवाले काका" म्हणायचे. शब्दाचं बदलणं असं होतं. पुढे अपंगाचं विकलांग आणि २०१५ नंतर दिव्यांग झालं, त्याने मामाला फरक पडला नाही. तो म्हणायचा, "नाव काहीही ठेवा, पायरी आठ इंचाचीच."

मग मोबाईल आला आणि खोपटं बंद पडलं. ती काच अजून आमच्या माळ्यावर आहे.

बूथवर असतानाच १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. डोस द्यायला का-कू करणाऱ्या आयांना मामा काही समजावून सांगायचा नाही. विजार गुडघ्यापर्यंत वर ओढायचा, बस. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मामा म्हणाला, "आता आम्ही शेवटचे. आमच्यासाठी रॅम्प बांधून होईपर्यंत आम्हीच संपणार."

तसं नाही, हे त्यालाही माहीत होतं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, आणि म्हातारपण तर सगळ्यांच्याच वाटेवर उभं आहे. १९९५ चा कायदा झाला, २०१६ चा झाला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनाचं चार टक्के. उताराचंही माप ठरलेलं आहे. एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांब उतार हवा. एका कार्यालयाने दोन पायऱ्यांवर चार फुटांचा उतार ओतला आणि वर चकचकीत फरशी बसवली. मामाने टेप लावली आणि शिपायाला विचारलं, "ही घसरगुंडी लहान पोरांसाठी आहे का?"

२०२४ ची लोकसभा. आमच्याकडे मतदान १३ मे ला. त्या वेळी ८५ च्या पुढच्या मतदारांना आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय होती. बीएलओ बाई १२-डी चा फॉर्म घेऊन आल्या. अधिकारी घरी येतील, गुप्तता राखली जाईल, तुम्हाला हलायचीही गरज नाही, असं त्यांनी फार आपुलकीने सांगितलं. मला एकदम आजीची आठवण झाली. मी म्हटलं, "मामा, विठ्ठल लऊळला आलाय की!"

मामाने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. बाईंना चहा पाजला. त्या गेल्यावर म्हणाला, "माय, तुझ्या आजीनं एक सांगितलं नाही. देव आला ते बरंच झालं. पण कूर्मदासाला पंढरपूर बघायचं होतं. वाळवंट, चंद्रभागा, गर्दी, हे सगळं. ते त्याला कुठं दिसलं? तो लऊळलाच राहिला." जरा थांबून म्हणाला, "ज्याला खाटेवरून उठता येत नाही, त्याच्यासाठी हे सोन्यासारखं आहे. मला रांगेत उभं राहायचंय. म्हणजे, बसायचंय."

मतदान केंद्र एका शाळेत. चार पायऱ्या, त्यावर फळ्यांचा रॅम्प, खाली एक व्हीलचेअर आणि दोन उत्साही पोरं. ती मामाला खुर्चीसकट उचलायला धावली. "उचलायचं नाही," मामा म्हणाला, "ढकला." फळ्या करकरल्या, मधल्या सांध्यात चाक अडकलं. मागे रांगेतले लोक सूचना देऊ लागले. सूचना द्यायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. अखेर वर पोचलो. मामाने बटण दाबलं, यंत्राच्या कडेचे ब्रेल आकडे बोटाने चाचपून पाहिले आणि बाहेर येऊन शाईचं बोट मला दाखवलं. मग खाली उतरताना टेप काढलीच. "एकास सात," म्हणाला. "मागच्या वेळी एकास चार होतं."

त्याच वर्षी नोव्हेंबरात, ८ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला, की सुगम्यतेची ही मापं नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाहीत, त्यातली काही सक्तीची करावी लागतील. मामाने ती बातमी कापून टेपबरोबर खिशात ठेवली.

आणि हिवाळ्यात म्हणाला, लऊळला जाऊ. गेलो. कुर्डुवाडीच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या गाड्यांची गर्दी, मग गाव, कूर्मदासाचं देऊळ. मामा गाडीतूनच हात जोडून बराच वेळ बसला. मला वाटलं, झालं. तर म्हणाला, "आता पुढं चल. याचे राहिलेले सात कोस करू." आजीचे सात कोस गाडीच्या काट्यावर बरेच लांब निघाले.

पंढरपुरात महाद्वारापर्यंत खुर्ची गर्दीतून नेता नेता घाम फुटला. समोर नामदेव पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरी होणं पसंत केलं म्हणतात. तिच्या पुढ्यातच चोखोबांची समाधी, ज्यांना आत जाऊ दिलं नाही. दार उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी इथेच, या गावात, उपाशी बसले होते. अण्णा त्या उपोषणाच्या बातम्या सांगायचे, ते मामाला आठवलं. "दार उघडायलाच एवढी वर्षं लागली," तो म्हणाला.

वारकरी येत होते, पायरीवर डोकं टेकत होते आणि वळसा घालून, जपून, बाजूने आत जात होते. मामाने सवयीने खिशात हात घातला. टेप निघाली, अर्धी उलगडली. तो वाकला आणि थांबला. एक म्हातारी पायरीला लागणारं लुगड्याचं टोक सावरत बाजूने गेली.

"राहू दे," मामा म्हणाला. "हिच्यावर कुणीच पाय देत नाही." आणि टेप गुंडाळून परत खिशात ठेवली.